महाकवि शेक्सपिअर व त्याचें सूडाचें नाटक

शेक्सपिअर हें नांव आमच्या शाळेच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस नवें नाहीं. लँब बहीणभावांनीं लिहिलेल्या गोष्टींच्या द्वारें त्याच्या नाटकांची ओळख त्यांस लवकरच होते. स्नेहसंमेलनांत एखादा प्रवेशहि ते हौसेनें करून दाखवितात. परंतु हीं नाटकें लिहिणारा गृहस्थ कोण होता, त्याचें पोट कशावर चालत असे, आणि ज्या हॅम्लेटचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे तें नाटक त्यानें आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर लिहिलें, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. ती आम्ही येथें थोडीशी करणार आहों. हॅम्लेट हें सूडाचें नाटक आहे. सूड ही कांहीं डेन्मार्कच्या राजवाड्यांतच आढळणारी वस्तु नव्हे. शेताच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांचीं कुटुंबें तीन तीन पिढ्या एकमेकांच्या घरचें पाणी पीत नाहींत, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. तेव्हां हा विषय मुलांपुरताच आहे असें पालकांनींहि समजूं नये.

इंग्लंडच्या मध्यभागीं, एव्हन नदीच्या कांठीं, स्ट्रॅटफर्ड नांवाचें बाजाराचें गांव आहे. तेथील ख्रिस्तमंदिराच्या नोंदवहींत २६ एप्रिल १५६४ या दिवशीं विल्यमचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. बाप जॉन शेक्सपिअर हा हातमोजे करून विकीत असे व जोडीला लोंकरीचाहि व्यापार करी. आई मेरी आर्डेन ही जवळच्या खेड्यांतील एका सुखवस्तु शेतकऱ्याची मुलगी. विल्यमच्या आधीं या जोडप्यास झालेल्या दोन मुली लहानपणींच दगावल्या होत्या. आणि विल्यम अवघा तीन महिन्यांच्या आंतबाहेर असतां गांवांत प्लेग शिरला. पुण्यामुंबईच्या ज्या घराण्यांत १८९६-९७ सालच्या प्लेगाच्या आठवणी वडिलांकडून मुलांकडे चालत आल्या, त्यांस त्या उन्हाळ्याची कल्पना सहज येईल. मूल वांचलें.

बापाचा उत्कर्ष झपाट्यानें झाला. १५६८ सालीं तो गांवाचा बेलिफ, म्हणजे आपल्याकडील नगराध्यक्षाच्या तोडीचा अधिकारी, झाला. परंतु पुढें दहा वर्षांच्या आंतच घराची घडी विसकटली. कर्ज वाढलें, नगरसभेच्या बैठकींस जाणें बंद झालें. १५७८ सालीं पत्नीच्या वांट्याला आलेली विल्मकोट येथील जमीन व घर त्यानें चाळीस पौंडांस गहाण टाकलें, आणि तेंहि कोणाकडे, तर मेरीच्या बहिणीचा नवरा एडमंड लँबर्ट याच्याकडे. मुदत भरली तेव्हां आपण पैसे घेऊन गेलों होतों, असें जॉनचें म्हणणें. इतरहि देणें आहे, तें फिटल्यावांचून जमीन सोडणार नाहीं, असें साडूचें. लँबर्ट वारला, त्याचा मुलगा मालक झाला. १५८८ सालीं त्याच्यावर दावा लागला व त्यांत आईबापांबरोबर तरुण विल्यमचेंहि नांव घालण्यांत आलें. १५९७ सालीं दुसरा दावा झाला. जमीन कधींच परत आली नाहीं. हें प्रकरण आम्ही मुद्दाम सविस्तर दिलें. कारण नात्यांतल्या माणसानें हक्काची वस्तु गिळली म्हणजे घरांत कसलें विष कालवलें जातें, हें या कवीस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

गांवांत ग्रामर शाळा होती. नांव ऐकून आमच्या विद्यार्थ्यांनीं तेथें इंग्रजी व्याकरणाचे तास होत असें समजूं नये; तेथें सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅटिन हाच विषय. ओव्हिडच्या कथा आणि सेनेकाचीं नाटकें यांवर त्या काळची शिकलेली पिढी पोसलेली होती. सेनेका हा नीरो बादशहाचा गुरु. त्याच्या नाटकांत भूतें सूड मागत येतात, आणि थायस्टीझ नामक नाटकांत तर एक भाऊ दुसऱ्या भावास त्याच्याच मुलांचें मांस जेवूं घालतो. १५८१ सालीं त्याच्या नांवावरचीं दहा नाटकें इंग्रजींत एकत्र छापून निघालीं, आणि लंडनच्या नाटककारांस रक्तपाताची एक खाणच सांपडली. शेक्सपिअर विद्यापीठांत गेला नाहीं. हें न्यून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीं पुढें त्याच्या पदरीं घातलेंच.

१५८२ सालच्या नोव्हेंबरांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्याचा ॲन हॅथवे हिच्याशीं विवाह झाला. ती त्याच्यापेक्षां आठ वर्षांनीं मोठी होती. १५८३ सालीं सुझाना ही मुलगी झाली व १५८५ सालीं जुळीं मुलें झालीं, हॅम्नेट हा मुलगा व ज्यूडिथ ही मुलगी. मुलाचें नांव हॅम्नेट सॅडलर या पाव भाजून विकणाऱ्या स्नेह्यावरून ठेवलें होतें. हॅम्नेट व हॅम्लेट हीं त्या गांवीं एकाच नांवाचीं दोन रूपें समजलीं जात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

यानंतर शेक्सपिअर एकदम दिसतो तो १५९२ सालच्या लंडनमध्यें, आणि तोहि एका शत्रूच्या लेखणींतून. रॉबर्ट ग्रीन हा ऑक्सफर्ड व केंब्रिज अशा दोन्ही विद्यापीठांचा पदवीधर, नाटकें व कादंबऱ्या लिहून पोट भरणारा आणि मिळालेलें उधळून टाकणारा, त्या वर्षीं दारिद्र्यांत मरण पावला. त्याच्या मरणानंतर त्याच्या नांवें एक पुस्तिका निघाली. तींत या खेडवळ, अर्धशिक्षित नटास परक्या पिसांनीं सजलेल्या कावळ्याची उपमा देऊन, हा आमच्या पंक्तीस बसूं पाहतो, असा गवगवा केला होता. ज्यानें ती पुस्तिका छपाईसाठीं तयार केली त्या चेटलनें वर्षाच्या आंतच आपला खेद छापून प्रसिद्ध केला. ज्याचा अपमान झाला त्यानें मात्र उत्तर म्हणून एक ओळहि छापली नाहीं. त्या काळीं लंडनच्या लेखकांत एकमेकांवर चिखलफेक करण्याचा मोठा सुकाळ होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे हें मौन अधिकच नजरेंत भरतें. ग्रीनची आठवण त्यानें ठेवली नव्हती असें मात्र नाहीं. तिचें काय झालें तें पुढें येईलच.

लंडनच्या प्रेक्षकांस त्या वेळीं सूडाच्या नाटकांचें वेड लागलें होतें. टॉमस किड याचें स्पॅनिश ट्रॅजेडी हें नाटक या सर्वांचें मूळपीठ. त्यांत मुलाच्या खुनाचा सूड घेणारा म्हातारा बाप आहे, त्याचें वेड आहे, नाटकांतलें नाटक आहे, सूडाची वाट पाहत रंगभूमीवर बसलेलें भूत आहे. असलीं नाटकें पाहण्यास हातावर पोट असणारा शिकाऊ कारागीर एक पेनी देऊन उभा राही आणि सरदारपुत्र गच्चीवर बसे. यास कारण नुसती रक्ताची आवड नव्हे. कायदा म्हणे कीं खासगी सूड हा खूनच. व्यासपीठावरून धर्मोपदेशक सांगत कीं न्याय करणारा देव आहे, तुम्ही त्याच्या आसनावर चढूं नका. परंतु १५८४ सालीं, एलिझाबेथ राणीच्या जिवास धोका आहे असें दिसतांच, राणीच्या मंत्रिमंडळानेंच एक प्रतिज्ञापत्र तयार केलें आणि देशांतील हजारों प्रतिष्ठित गृहस्थांनीं त्यावर सह्या केल्या. राणीस कोणीं मारिलें तर मारणाऱ्यास व ज्याच्या लाभासाठीं तें कृत्य झालें त्यासहि आपण प्राणांतापर्यंत सोडणार नाहीं, अशी ती शपथ होती. म्हणजे रविवारीं एक शिकवण आणि सोमवारीं दुसरी सही! ज्या समाजाचें मन असें दुभंगलेलें असतें, त्याला सूडाचें नाटक घरचें वाटतें.

शेक्सपिअरनें या प्रवाहांत आरंभीं बेलाशक उडी घेतली. टायटस अँड्रॉनिकस हें त्याचें नाटक १५९४ सालीं छापलें गेलें. त्यांत हात तोडले जातात, जीभ कापली जाते, आणि सेनेकाचा कित्ता गिरवून आईला तिच्या मुलांच्या मांसाची कणकेंत भाजलेली मेजवानी दिली जाते. नाटक खूप चाललें. आम्ही तें मुलांच्या हातीं सहसा देत नाहीं. परंतु मोठ्यांनीं तें एकदां वाचावें, कारण याच माणसानें सात-आठ वर्षांनीं काय लिहिलें हें कळण्यास त्याचा आरंभ कोठें होता हें ठाऊक असलेलें बरें. टायटसमध्यें सूड हा हिशेब आहे. तिकडून एक प्रेत, इकडून दोन. पात्रांस शंका म्हणून येत नाहीं.

मधल्या काळांत त्याचें आयुष्य पालटलें. १५९२ पासून दोन वर्षें प्लेगामुळें नाटकगृहें बहुतेक बंद होतीं; त्या अवधींत त्यानें दोन दीर्घ काव्यें छापून नांव मिळविलें. १५९४ सालीं निघालेल्या लॉर्ड चेंबरलेनच्या नाटक मंडळीचा तो भागीदार झाला. तो नट होता, लेखक होता, आणि नफ्यांतला वांटेकरीहि होता. या तिसऱ्या नात्यानेंच त्यास पैसा मिळाला. १५९६ सालच्या ऑगस्टांत त्याचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट वारला. ११ तारखेस स्ट्रॅटफर्डला त्याचें दफन झालें. वय अकरा वर्षें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत म्हाताऱ्या जॉनला घराण्याचें कुलचिन्ह वापरण्याची सनद मिळाली. ती चालविण्यास नातू उरला नव्हता. दुसऱ्या वर्षीं विल्यमनें गांवांतील न्यू प्लेस नांवाचें मोठें घर विकत घेतलें. ज्या गांवांत बाप कर्जापायीं तोंड चुकवीत असे, त्याच गांवांत तें घर उभें होतें.

१५९८ च्या डिसेंबरांत मंडळीवर एक मजेदार प्रसंग आला. त्यांच्या नाटकगृहाच्या जमिनीचा पट्टा संपला होता व जमीनमालक नवा पट्टा देईना. तेव्हां नाताळाच्या सुट्टींत मंडळीनें सुतार घेऊन तें सबंध लांकडी नाटकगृह उतरविलें आणि वासे-तुळया थेम्स नदीपलीकडे नेल्या. १५९९ सालीं त्याच लांकडांतून ग्लोब उभें राहिलें. मालकानें दावा लावला, पण ग्लोब जागचें हाललें नाहीं. येथें सुमारें तीन हजार लोक मावत, पडदे नसत, खेळ दुपारच्या उजेडांत होई, आणि आमच्या जुन्या मराठी रंगभूमीप्रमाणेंच बायकांचीं कामें मुलगे करीत. हॅम्लेट येथें झालें.

गोष्ट जुनी होती. सॅक्सो नांवाच्या डॅनिश पंडितानें इ. स. १२०० च्या सुमारास लॅटिनमध्यें लिहिलेल्या इतिहासांत अम्लेथ नांवाचा राजपुत्र आहे. त्याच्या चुलत्यानें त्याच्या बापास मारून आईशीं लग्न केलें. तें कृत्य सर्वांस ठाऊक होतें. अम्लेथ जीव वांचविण्यासाठीं वेड्याचें सोंग घेतो, योग्य संधि येतांच दारूनें धुंद झालेल्या दरबाऱ्यांसह वाडा जाळतो, चुलत्यास तरवारीनें मारतो, लोकांपुढें भाषण करतो आणि राजा होतो. सरळ, साफ, वीरकथेस शोभेल असा सूड. ही गोष्ट १५७० सालीं बेलफोरे या लेखकानें फ्रेंचमध्यें सांगितली. लंडनमध्येंहि १५८९ च्या पूर्वींच हॅम्लेट नांवाचें एक नाटक, जें आज नष्ट झालें आहे, रंगभूमीवर येत असे, आणि त्यांतील सूडाची आरोळी ठोकणाऱ्या भुताची लोक थट्टा करूं लागले होते. म्हणजे शेक्सपिअरनें हातीं घेतला तो झिजलेला माल होता. १६०० च्या सुमारास त्यानें तो नव्यानें घडविला. १६०२ च्या जुलईंत नाटकाची नोंदणी झाली, १६०३ सालीं त्याची एक मोडकीतोडकी प्रत छापली गेली, आणि १६०४ च्या अखेरीस जवळजवळ तिच्या दुप्पट लांबीची चांगली प्रत निघाली. १६०१ च्या सप्टेंबरांत जॉन शेक्सपिअर वारला. मेलेल्या मुलाचें नांव आणि बापाचें मरण हीं दोन्हीं या नाटकाच्या आसपास उभीं आहेत. त्यांवरून आम्ही कोणतेंहि अनुमान काढीत नाहीं. मात्र मेलेल्या बापाचें भूत रात्रीं तटावर येऊन मुलास हांक मारतें हा प्रवेश वाचतांना हीं दोन मरणें मनांतून काढून टाकणें आम्हांस तरी साधत नाहीं. परंपरा अशी आहे कीं भुताचें काम शेक्सपिअर स्वत: करीत असे, आणि त्याच्या समोर हॅम्लेट म्हणून रिचर्ड बर्बेज हा त्या काळचा अग्रगण्य नट उभा राही.

शेक्सपिअरनें मूळ कथेंत केलेला सर्वांत मोठा फरक असा. त्यानें खून गुप्त केला. क्लॉडिअसनें झोंपलेल्या भावाच्या कानांत विष ओतलें, आणि साप चावला असें जगास सांगितलें. हें ठाऊक कोणाला, तर एका भुताला. आणि भुतावर विश्वास कसा ठेवावा? हॅम्लेट हा विटेनबर्गचा विद्यार्थी दाखविला आहे. १५१७ सालीं जेथून मार्टिन लूथरनें धर्मसुधारणेस आरंभ केला तेंच हें विद्यापीठ. भूत सांगतें कीं मी शुद्धिलोकांतून आलों आहें. विटेनबर्गच्या शिकवणुकीप्रमाणें शुद्धिलोक नाहींच. मग बापाच्या रूपानें आलेला हा सैतान तर नसेल? नसत्या पापांत पाडण्यासाठीं आला असेल तर? हॅम्लेट म्हणून राजापुढें खुनाचा देखावा असलेलें नाटक करवितो व राजाचा चेहरा पाहतो. परीक्षेच्या पेपरांत हॅम्लेटचा मुख्य दोष कोणता, असा प्रश्न आला कीं आमचे विद्यार्थी डोळे मिटून दिरंगाई असें उत्तर लिहितात, व त्यांस गुणहि मिळतात. आमच्या मतें तें उत्तर फार तर अर्धें खरें आहे. एका ऐकीव साक्षीवर माणसाचा जीव घेण्यापूर्वीं पुरावा शोधणें याला दिरंगाई म्हणावयाचें असेल, तर आमच्या न्यायाधीशांनीं काय करावें?

पुरावा मिळाल्यानंतर जें होतें तें खरें पाहण्यासारखें आहे. राजा एकटा गुडघे टेकून प्रार्थना करूं पाहत आहे. हॅम्लेट पाठीमागें तरवार उपसून उभा आहे. मारतां येतें, तो मारीत नाहीं. दया येते म्हणून नव्हे. प्रार्थना करतांना मेला तर हा स्वर्गास जाईल, त्यापेक्षां कांहीं पाप करतांना याला गांठूं, म्हणजे आत्माहि नरकांत जाईल, असा तो हिशेब करतो. बापाचा खून करणाऱ्याचा देह मारून त्याचें समाधान होत नाहीं. त्याला देवाच्या हातांतला निवाडाहि आपल्या हातीं हवा आहे. या सबंध नाटकांतील सर्वांत भयंकर क्षण आम्ही हाच मानतों, आणि त्यांत रक्ताचा एक थेंबहि सांडत नाहीं. हॅम्लेट निघून जातो, आणि मग राजा उठून कबूल करतो कीं आपले शब्द वर गेले, मन खालींच राहिलें. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती!

यानंतर कांहीं क्षणांतच, आईच्या दालनांत, पडद्याआड हालचाल ऐकून हॅम्लेट तरवार खुपसतो. राजा समजून मारलेला माणूस निघतो म्हातारा प्रधान पोलोनिअस. येथें नाटकाची बाजू उलटते. आतांपर्यंत हॅम्लेट हा मारल्या गेलेल्या बापाचा मुलगा होता. आतां तो दुसऱ्याच्या बापाला मारणारा झाला. पोलोनिअसचा मुलगा लेअर्टिस फ्रान्सहून धांवत येतो. त्याची बहीण ऑफेलिया, जिच्यावर हॅम्लेटचें प्रेम होतें, वेडी होऊन ओढ्यांत बुडून मरते. लेअर्टिसला शंका नाहीं, प्रश्न नाहीं, धीर नाहीं. शत्रूचा गळा देवळांतहि कापीन असें तो म्हणतो, आणि सूडास सीमा असूं नये असें राजा त्यास बजावतो. ज्याचा स्वत:चाच सूड घेतला जावयाचा आहे त्या खुनी माणसाच्या तोंडीं हें तत्त्वज्ञान घातलें आहे, हें आमच्या वाचकांनीं नीट पाहावें. जो दिरंगाई करीत नाहीं असा सूड घेणारा कसा दिसतो, हें लेअर्टिसच्या रूपानें कवीनें दाखवून ठेविलें आहे. तो तात्काळ राजाच्या हातांतलें बाहुलें होतो आणि तरवारीच्या टोंकाला विष लावतो.

तिसरा एक मुलगा आहे, नॉर्वेचा फॉर्टिन्ब्रास. त्याच्या बापास हॅम्लेटच्या बापानें द्वंद्वयुद्धांत मारून जमीन जिंकली होती. तोहि सैन्य जमवून निघालेला असतो. पण चुलत्यानें कान उघडतांच ती मोहीम सोडून देतो. शेवटच्या प्रवेशांत लुटुपुटूच्या तरवारबाजीच्या मिषानें विष सर्वत्र पसरतें. राणी विषाचा पेला पिते, लेअर्टिस आपल्याच तरवारीनें मरतो, राजा मरतो, हॅम्लेट मरतो. लेअर्टिस व हॅम्लेट मरतां मरतां एकमेकांस क्षमा करतात. नाटकाच्या आरंभानंतर एकंदर आठ जीव जातात. त्यांतील एकच, राजाचा, भुतानें मागितला होता. राणीच्या वाटेस जाऊं नको असें तर भुतानें निक्षून सांगितलें होतें. आणि सिंहासन कोणाला मिळतें? सूड सोडून दिलेल्या फॉर्टिन्ब्रासला. तो वाटेनें जातां जातां येतो आणि प्रेतें उचलावयास सांगतो.

महाराष्ट्रास हें नाटक आपलेंसें वाटण्यास फार काळ लागला नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत गोपाळ गणेश आगरकर यांस लोकमान्य टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस राहावें लागलें. त्या कोठडींत आगरकरांनीं हॅम्लेटच्या भाषांतरावर श्रम केले, व १८८३ सालीं तें विकारविलसित या नांवानें प्रसिद्ध झालें. हें नांवच मोठें मार्मिक आहे. सूडाचा त्यांत उल्लेख नाहीं. मनाचे विकार कसे थैमान घालतात तें पाहा, असें तें सुचवितें. पुढें शाहूनगरवासी मंडळींतील गणपतराव जोशी यांनीं या नाटकांतील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, भूमिका करून महाराष्ट्रभर कीर्ति मिळविली. एल्सिनोरचें नांव ज्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें अशा साताऱ्या-पुण्याकडील माणसांनीं चंद्रसेनाचें दु:ख ओळखलें.

आतां कवीकडे वळूं. १६०३ सालीं एलिझाबेथ वारली व जेम्स राजानें या मंडळीस आपला आश्रय दिला. ऑथेल्लो, किंग लिअर, मॅक्बेथ हीं नाटकें पुढील तीन-चार वर्षांतलीं. शेक्सपिअर साधुपुरुष होता असें दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. पैशाच्या बाबतींत तो बापाच्या अनुभवानें शहाणा झालेला मनुष्य होता. धान्याचे पैसे थकले म्हणून १६०४ सालीं त्यानें गांवांतील एका औषधवाल्यावर फिर्याद केली, आणि १६०८ सालीं सहा पौंडांसाठीं एका कुळास कोर्टांत खेंचलें. तें पळून गेलें तेव्हां त्याच्या जामिनावर तगादा लावला. राग काढण्याची त्याची जागा कचेरी ही होती, छापखाना किंवा तरवार नव्हती, एवढेंच यावरून म्हणतां येईल.

ग्रीनचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें आहे. ग्रीननें १५८८ सालीं पँडोस्टो नांवाची एक कादंबरी लिहिली होती. एक राजा मत्सरानें वेडा होऊन आपल्या निरपराध राणीचा नाश करतो व शेवटीं स्वत: आत्महत्या करतो, अशी ती कथा. १६१० च्या सुमारास शेक्सपिअरनें हीच कथा घेऊन विंटर्स टेल हें नाटक लिहिलें. कावळ्यानें खरोखरच ग्रीनचें पीस उचललें म्हणावयाचें! पण त्यानें शेवट बदलला. ग्रीनच्या पुस्तकांत राणी मरते ती मरतेच. शेक्सपिअरच्या नाटकांत सोळा वर्षांनंतर पुतळा म्हणून उभी केलेली राणी हालते, बोलते, आणि पश्चात्तापानें भाजून निघालेल्या पतीस आलिंगन देते. १६११ सालीं राजवाड्यांत झालेल्या टेंपेस्ट या नाटकांत तर हॅम्लेटचीच मांडणी पुन्हां आहे. भावानें भावाचें राज्य हिरावलें, आणि बारा वर्षांनीं सर्व शत्रु वादळानें त्याच्या बेटावर, त्याच्या मुठींत आणून टाकले आहेत. प्रॉस्पेरोच्या हातीं मंत्रविद्या आहे. कोणाचाहि पुरावा शोधावयाचा नाहीं, कोणाची भीति नाहीं. तो त्यांस सोडून देतो. मात्र क्षमा केलेला भाऊ त्या क्षमेला उत्तर म्हणून एक शब्दहि बोलत नाहीं, आणि कवीनें त्याला बोलावयास लावलेंहि नाहीं. क्षमा स्वस्त नसते हें त्यास ठाऊक होतें असें दिसतें.

२९ जून १६१३ रोजीं ग्लोबमध्यें आठव्या हेन्रीचें नाटक चालू असतां तोफेच्या ठिणगीनें गवती छप्पर पेटलें व तासाभरांत सारें नाटकगृह जळलें. कोणी मेलें नाहीं. एका गृहस्थाच्या विजारीनें पेट घेतला, तो त्यानें हातांतल्या बाटलींतील बिअरनें विझविला. नाटकगृह वर्षाच्या आंत पुन्हां उभें राहिलें, पण शेक्सपिअरचें लेखन तोंपर्यंत जवळजवळ संपलें होतें. तो स्ट्रॅटफर्डला असे. २५ मार्च १६१६ रोजीं त्यानें मृत्युपत्रावर सह्या केल्या. त्यांत बराचसा जमीनजुमला सुझानास होता. ज्यूडिथला रोकड होती. ज्याच्या नांवावरून मुलाचें नांव ठेवलें त्या सॅडलरला अंगठीसाठीं पैसे होते, आणि मृत्युपत्रांत त्याचें नांव हॅम्लेट असें लिहिलेलें आहे. मंडळींतील तीन जुने सोबती बर्बेज, हेमिंग्ज व काँडेल यांनाहि अंगठ्यांसाठीं प्रत्येकीं सव्वीस शिलिंग आठ पेन्स ठेवले होते. २३ एप्रिल १६१६ रोजीं तो वारला, आणि २५ तारखेस, जेथें त्याचा बाप्तिस्मा झाला होता त्याच मंदिरांत, त्याचें दफन झालें.

बर्बेज १६१९ सालीं गेला. उरलेल्या दोघांनीं, हेमिंग्ज व काँडेल यांनीं, मित्राचीं ३६ नाटकें जमवून १६२३ सालीं एका मोठ्या पुस्तकांत छापविलीं. त्यांतलीं निम्मीं तोंपर्यंत कधींच छापलीं गेलीं नव्हतीं. टेंपेस्ट व विंटर्स टेल हीं त्यांपैकींच होत. ते दोघे नट पुढें आले नसते, तर भावास क्षमा करणारा प्रॉस्पेरो आपणांस कधीं भेटलाच नसता.